भिंत आणि फरशीच्या ‘लक्झरी’ फिनिशमध्ये नेमकं असतं तरी काय?

घराचं काम काढलं की शब्दांचा मारा सुरू होतो. मायक्रोसिमेंट, ताडेलाक्त, सिंटर्ड स्टोन, बुकमॅच, लाइमवॉश, फ्ल्यूटेड पॅनेल, लार्ज फॉरमॅट स्लॅब. शोरूममधला माणूस हे शब्द इतक्या सराईतपणे बोलतो की अर्थ विचारायचा संकोच वाटतो. मग निर्णय होतो तो फोटो पाहून. फोटोत सगळंच सुंदर दिसतं. दहा वर्षांच्या वापरानंतर ते कसं दिसेल, हे मात्र फोटो सांगत नाही.

या विषयात माझं म्हणणं एकच आहे. फिनिशचा रंग आणि चमक पाहण्याआधी त्याचा काप पाहावा. ते किती मिलिमीटर जाड आहे, त्या जाडीत काय भरलंय, आणि पाणी, आम्ल, ऊन, रोजचा वावर यांच्यापुढे ते कसं टिकतं, एवढं समजलं की नव्या नावांचं दडपण येत नाही. नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. त्यामागचे पदार्थ मोजकेच आहेत, आणि त्यांतले बरेचसे शेकडो वर्षं माणसाच्या वापरात आहेत.

## अखंड, थर आणि छाप

डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग तीन प्रकारे तयार होतो. पहिला अखंड, म्हणजे वर जे दिसतं तेच आतपर्यंत. संगमरवर, ग्रॅनाइट, ट्रॅव्हर्टीन, सलग लाकडाच्या फळ्या आणि टेराझो यांत येतात. यावर ओरखडे आले, चमक गेली, तर घासून खालचा ताजा भाग वर आणता येतो.

दुसरा थर. चुन्याचा गिलावा, मायक्रोसिमेंट, इंजिनिअर्ड लाकडाच्या पट्टीवरचा अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा. पदार्थ खराच असतो, पण तो दुसऱ्या कशावर तरी चढवलेला असतो. त्यामुळे त्याचं आयुष्य खालच्या पायावर अवलंबून असतं.

तिसरा छाप. पोर्सेलिन टाइलवर दिसणाऱ्या संगमरवराच्या शिरा आणि व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्टीवर दिसणारं लाकूड ही छापलेली चित्रं असतात, वर संरक्षक कवच असतं. कवच शाबूत आहे तोवर चित्र नवं राहतं. कवच झिजलं की घासून उपयोग नाही, कारण खाली वेगळाच पदार्थ आहे.

तिन्हींपैकी कुठलाही प्रकार मुळात वाईट नाही. वाईट असतं ते थर समजून छाप विकत घेणं, किंवा अखंड दगड घेऊन त्याने छापील टाइलसारखं निर्विकार राहावं अशी अपेक्षा धरणं. घरमालक आणि कंत्राटदार यांच्यातले बरेचसे वाद इथूनच सुरू होतात.

## एवढ्या मोठ्या स्लॅबचं वेड आलं कुठून?

दगडाचा मोठा ठोकळा एकामागून एक पातळ कापायचा, शेजारचे दोन काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडायचे आणि भिंतीवर जोडून लावायचे. डावीकडची शीर उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते. हेच बुकमॅच. ही कल्पना अलीकडची नाही. इस्तंबूलच्या हागिया सोफियामध्ये, म्हणजे इसवी सन 537 मध्ये पूर्ण झालेल्या वास्तूत, भिंतींवर असे जोडीचे संगमरवरी काप आजही दिसतात. विसाव्या शतकात मीस व्हान डेर रोह या वास्तुरचनाकाराने 1929 च्या बार्सिलोना पॅव्हिलियनमध्ये ऑनिक्सची एक भिंत उभारली. कोरीव काम नाही, नक्षी नाही, दगडाच्या शिरा हीच सजावट. आज आलिशान घरांत दिवाणखान्याची एक संपूर्ण भिंत दगडाची करतात, तिचं मूळ या विचारात आहे.

तेव्हा ही चैन फार थोड्यांना परवडणारी होती. एकाच ठोकळ्यातले सलग काप मिळायला हवेत, वाहतुकीत फुटायला नकोत, आणि जड दगड पेलायला भिंत भक्कम हवी. गेल्या दोन दशकांत हे गणित बदललं ते छपाईमुळे. पूर्वी टाइलवरचं चित्र जाळी किंवा रुळाने उमटायचं, त्यामुळे तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा यायची. सन 2000 च्या सुमारास स्पेनमध्ये टाइलवर शाईचे थेंब उडवून छापणारी यंत्रं कारखान्यांत आली. रूळ टाइलला टेकायची गरज उरली नाही, चित्र संगणकातून थेट टाइलवर उतरू लागलं. त्याच काळात भट्ट्या आणि दाबयंत्रं मोठी होत गेली. आता 1.6 मीटर रुंद आणि 3.2 मीटर लांब, पण फक्त 6 मिलिमीटर जाड असा एकसंध स्लॅब सहज मिळतो.

तो बनतो असा. चिकणमाती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि वाळू यांची बारीक भुकटी प्रचंड दाबाखाली दाबतात, त्यावर चित्र छापतात आणि साधारण 1200 अंश सेल्सियसला भाजतात. फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी भरून काढतो. म्हणून हा पदार्थ पाणी जवळपास पीतच नाही. वजनाच्या 0.5 टक्क्यांहून कमी पाणी शोषलं तरच टाइलला आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे पोर्सेलिनचा गट मिळतो. सिंटर्ड स्टोन हा याचाच जवळचा भाऊबंद आहे. खनिजं जास्त दाबाखाली आणि उष्णतेत एकजीव केलेली असतात, आणि काही प्रकारांत रंग जाडीभर उतरवलेला असतो.

घेताना एक गोष्ट आवर्जून विचारावी: या डिझाइनचे फेस किती? फेस म्हणजे वेगवेगळी छापील चित्रं. चारच फेस असतील तर मोठ्या खोलीत पाचव्या टाइलपासून तीच शीर पुन्हा दिसू लागते. एकदा नजरेला ती सापडली की नंतर दुसरं काही दिसत नाही. दुसरं म्हणजे टाइलची कड पाहावी. वर पांढरा संगमरवर आणि कडेला मातकट रंग असेल, तर पायरीच्या नाकाशी किंवा भिंतीच्या उघड्या कोपऱ्यात तो दिसणारच. तिथे पंचेचाळीस अंशांत कड कापून जोडावी लागते. हे काम नाजूक आहे आणि त्या धारेचा टवका पटकन उडतो.

## मग खरा संगमरवर घ्यायचाच कशाला?

रास्त प्रश्न आहे. पाणी पीत नाही, डाग धरत नाही, ओरखडत नाही असा पोर्सेलिन असताना डागाळणारा दगड का घ्यावा?

कारण प्रकाश. संगमरवर कॅल्साइटच्या स्फटिकांचा बनलेला असतो. उजेड त्याच्या पृष्ठभागावरच थांबत नाही. तो थोडा आत शिरतो, स्फटिकांवर आपटत विखुरतो आणि बाहेर येतो. म्हणून चांगल्या पांढऱ्या संगमरवराला आतून उजळल्यासारखी खोली असते. इटलीतल्या कारारा गावच्या दगडाकडे शिल्पकार शतकानुशतकं ओढले गेले त्यामागे हेही एक कारण आहे. छापील स्लॅबवर उजेड चित्रावरून परततो. सकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही नमुने शेजारी ठेवा, फरक सांगावा लागत नाही.

पण याच कॅल्साइटमध्ये संगमरवराचं दुखणंही आहे. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याला आम्ल सोसत नाही. पॉलिश केलेल्या संगमरवरावर लिंबाच्या रसाचा थेंब पडू द्या. काही क्षणांत कडेला अगदी बारीक बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड वायू. थेंब पुसल्यावर रंग तसाच राहतो, पण तेवढ्या जागेची चमक गेलेली असते आणि बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते. लोक याला डाग समजून घासत बसतात. हा डाग नव्हेच, दगडाचा वरचा पापुद्रा आम्लाने खाल्लेला असतो. याला एचिंग म्हणतात. सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावल्याने तेल किंवा चहा आत मुरायला वेळ लागतो, एचिंग मात्र थांबत नाही. सीलर लावला म्हणून संगमरवर सुरक्षित झाला असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं आहे.

यावरचा शहाणा उपाय म्हणजे आरशासारखी पॉलिश टाळून होन्ड, म्हणजे मखमली मॅट फिनिश घेणं. एचिंग तिथेही होतं, पण मुळात चमकच नसल्याने खुपत नाही. सध्या मॅट दगडाची चलती आहे ती केवळ फॅशन म्हणून नाही, वापरायलाही तो सोयीचा पडतो.

ट्रॅव्हर्टीन परत आलाय तोही याच ओघात. हा गरम झऱ्यांच्या पाण्यातून साचत गेलेला दगड. रोमजवळच्या तिवोलीचा ट्रॅव्हर्टीन कलोसियमला वापरलाय. त्याची भोकं आणि आडव्या रेषा हेच त्याचं रूप. भोकं भरलेला आणि न भरलेला असे दोन प्रकार मिळतात. भिंतीला न भरलेला शोभून दिसतो. फरशीला मात्र भरलेलाच घ्यावा, नाहीतर प्रत्येक भोकात कचरा बसतो. आम्लाचा स्वभाव इथेही संगमरवरासारखाच.

आणखी एक घोटाळा दूर करायला हवा. क्वार्ट्झाइट आणि क्वार्ट्झ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्वार्ट्झाइट हा खाणीतून निघणारा नैसर्गिक दगड, कठीण आणि आम्लाला न जुमानणारा. बाजारात क्वार्ट्झ म्हणून विकला जातो तो बहुधा कारखान्यात बनलेला, दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, बांधून तयार केलेला स्लॅब. त्यातही काही वेळा मऊ संगमरवर क्वार्ट्झाइटच्या नावाने गळ्यात मारला जातो. परीक्षा सोपी आहे. कठीणपणाच्या मोहस् श्रेणीत कॅल्साइट 3 वर, काच साधारण साडेपाचवर आणि क्वार्ट्झ 7 वर असतो. तुकड्याच्या धारदार कडेने काचेवर ओढून पाहा. खरा क्वार्ट्झाइट काचेवर ओरखडा उठवतो, संगमरवर उठवत नाही.

## चुना परत का आला?

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद झाला तो चुन्याच्या पुनरागमनाचा. गुळगुळीत प्लास्टिक रंगाच्या भिंतींची सवय झालेल्या डोळ्यांना लाइमवॉशची, म्हणजे पातळ चुन्याचे हात दिलेली, ढगाळ, जागोजागी हलकी-गडद होणारी भिंत वेगळी वाटते. ती तशी का दिसते, हे चुन्याच्या रसायनात आहे.

चुनखडी साधारण 900 अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी असेल तर वजनाचा 44 टक्के भाग असा वायू होऊन उडतो. उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो उकळ्या फोडतो, फुलतो आणि विझतो. हा विझवलेला चुना भिंतीवर चढवला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे परत चुनखडीच. भिंतीवर रंग वाळत नसतो, तिथे दगड तयार होत असतो. ही क्रिया जिथे जशी ओल आणि हवा मिळेल तशी घडते, ब्रशचा प्रत्येक हात थोडा वेगळा स्फटिकतो, म्हणून ते ढगाळपण येतं. रंगाच्या डब्यातून त्याची हुबेहूब नक्कल होत नाही.

वेनेशियन प्लास्टर, मार्मोरिनो ही नावं याच कुळातली: चुना आणि संगमरवराची भुकटी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिणाऱ्या रोमन वास्तुविशारद व्हित्रुव्हियसने वाळूचे तीन आणि त्यावर संगमरवरी भुकटीचे तीन हात द्यायला सांगितलं आहे. वेनिसमध्ये ओलसर हवेत टिकतो म्हणून हा गिलावा पुन्हा रुजला. कार्लो स्कार्पा या इटालियन वास्तुरचनाकाराने 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच सेंट मार्क चौकातल्या ऑलिवेट्टी या टाइपरायटर कंपनीच्या शोरूममध्ये जुन्या स्टुकोला, म्हणजे याच चुन्याच्या गिलाव्याला, आधुनिक इमारतीत मानाने बसवलं. आजच्या मिनिमल घरांतल्या गुळगुळीत, आतून झळाळणाऱ्या भिंतींना तिथून बळ मिळालं.

मोरोक्कोतला ताडेलाक्त याहून पुढे जातो. माराकेशच्या परिसरातला चुना घेऊन गिलावा करतात. तो पुरता सुकण्याआधी गुळगुळीत गोट्याने, हाताएवढ्याशा जागेत, पुन्हा पुन्हा घोटतात. कारागीर कानानेही काम करतो: गोटा ओल्या गिलाव्यावर दबका आवाज करतो, तो घट्ट होत गेला की आवाज टणक होतो. मग ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळतात. साबणातली स्निग्धाम्लं चुन्यातल्या कॅल्शियमशी जोडली जाऊन पाण्यात न विरघळणारा कॅल्शियम साबण बनतो आणि पृष्ठभागाची छिद्रं भरतो. म्हणूनच हे फिनिश हमामांत आणि पाण्याच्या टाक्यांत टिकलं. बाथरूमच्या भिंतीवर एकही टाइल न लावता पाणी अडवणारं हे काम पाहिलं की कारागिरीपुढे मान लवते.

मग न्हाणीघरात डोळे झाकून चुना लावावा का? नाही. ताडेलाक्त जमणारे हात थोडे आहेत. त्याला आम्लयुक्त क्लीनर चालत नाही, कारण तो शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच. साबणाचा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. शिवाय चुन्याला धरायला खाली खनिज पाया लागतो. जुन्या प्लास्टिक रंगावर थेट लाइमवॉश मारला तर तो भुकटी होऊन बोटाला लागतो. आधी खनिज प्रायमर हवा. आणि बाजारात ‘वेनेशियन’ नावाने मिळणारे बरेच डबे अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिक रंगाच्याच जातीचे, असतात. ते दिसायला वाईट नसतात, पण भिंतीतली ओल बाहेर सोडण्याचा चुन्याचा गुण त्यांच्यात तितका नसतो. डब्यावरची घटकांची यादी वाचा. लाइम किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे की फक्त अ‍ॅक्रिलिक रेझिन, एवढं पाहिलं तरी पुरे.

## सांधा नसलेली फरशी खरंच असते का?

मायक्रोसिमेंटची जाहिरात ‘सीमलेस’ या एका शब्दावर चालते. सिमेंट, बारीक भुकटी आणि पॉलिमर यांचं मिश्रण, दोन-तीन मिलिमीटर जाडीत थापीने ओढलेलं, वर सीलरचं कवच. भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून शॉवरच्या कोपऱ्यात अखंड वाहणारं. जुन्या टाइल न काढता त्यांच्यावरही करता येतं, ही मोठी सोय.

पण दोन मिलिमीटरचा थर मेजावर अंथरलेल्या पातळ चादरीसारखा असतो. खाली जे असेल ते वर उमटतं. खालच्या टाइलचे सांधे नीट भरले नाहीत, तर काही महिन्यांत त्यांची जाळी वर दिसू लागते. खालचा काँक्रीट तडकला तर मायक्रोसिमेंटही त्याच रेषेत तडकतं. पायाला हालचालीचा सांधा, म्हणजे फुगण्या-आकसण्यासाठी मुद्दाम सोडलेली फट, असेल, तर तो वरही द्यावाच लागतो. नाही दिला तर इमारत स्वतः तो पाडते, आणि तो सरळ रेषेत नसतो. पाणी अडवतं ते सीलर, मायक्रोसिमेंट नव्हे. म्हणजे सीलर झिजला की पुन्हा लावणं हा देखभालीचा भाग समजायचा.

माझं मत असं: चांगला पाया आणि अनुभवी हात असतील तर भिंतीला मायक्रोसिमेंट उत्तम. फरशीला विचार करून. रोज खुर्च्या सरकणाऱ्या जागेत टाळलेलं बरं.

## टेराझो, लाकूड आणि पन्हळी

टेराझो म्हणजे दगडाचे तुकडे सिमेंट किंवा इपॉक्सीत (हीही एक कृत्रिम राळ) बसवून, घासून, पॉलिश केलेली फरशी. वेनिसमधल्या दगडकामातल्या उरलेल्या तुकड्यांतून ती वाढली. लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड वॉक ऑफ फेमवरचे तारेही टेराझोचे, पितळी पट्ट्यांनी आखलेले. सिमेंटचा टेराझो जाड आणि जड, इपॉक्सीचा जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर आणि रंगांना मोकळा, पण थेट उन्हात इपॉक्सी पिवळा पडतो. टिकाऊपणात टेराझोला तोड नाही. पुन्हा पुन्हा घासता येतो आणि दर वेळी नवा होतो.

लाकडात हेरिंगबोन आणि शेव्हरॉन यांची गल्लत होते. हेरिंगबोनमध्ये आयताकृती पट्ट्या एकमेकींना काटकोनात भिडतात. शेव्हरॉनमध्ये पट्ट्यांची टोकं तिरपी कापलेली असतात, म्हणून सलग बाणाची रेघ दिसते. नक्षीपेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळाच: इंजिनिअर्ड पट्टीवरच्या अस्सल लाकडाची जाडी. तीन-चार मिलिमीटर किंवा जास्त असेल तर आयुष्यात एक-दोनदा घासून नवं करता येतं. अर्ध्या-एक मिलिमीटरचा पापुद्रा असेल तर घासायला काही उरतच नाही. ‘लक्झरी व्हिनाइल’ हा संपूर्ण छाप प्रकार. त्यात कवचाची जाडी विचारा. घरासाठी 0.3 मिलिमीटर नेहमीचं, वर्दळीच्या जागेसाठी 0.55.

भिंतीवरच्या पन्हळी, म्हणजे फ्ल्यूटेड पॅनेल, सावलीमुळे देखण्या दिसतात. खाचांमध्ये धूळ बसते, एवढं लक्षात घेऊन मोजक्या जागी लावाव्यात. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेलं, पॅनेल असेल तर त्यातून किती फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो त्याचा वर्ग विचारून घ्यावा, कारण तो वायू बंद खोलीत आपणच श्वासात घेतो.

## फरशीच्या खालचं काम कुणी पाहायचं?

महाग स्लॅब घेतला की काम चांगलंच होणार, हा समज घातक आहे. स्लॅब जितका मोठा तितकी खालच्या पातळीची परीक्षा कडक. लहान टाइल उंचसखल जागेवर थोड्या झुकून सामावून घेतात. मोठी टाइल तसं करू शकत नाही. मोठ्या टाइलसाठी तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, असा दंडक आहे. पट्टी फरशीवर फिरवा आणि खालून उजेड दिसतो का ते पाहा. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही.

अडहेसिव्हचे चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबली तर मध्ये पोकळी राहते. वरून जड वस्तू पडली की टाइल नेमकी तिथेच फुटते. ओल्या जागी टाइलच्या पाठीचा किमान 95 टक्के भाग अडहेसिव्हने भरलेला असावा, कोरड्या जागी किमान 80 टक्के. काम चालू असताना नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलून पाठ दाखवायला सांगा. चांगला कारागीर याचा राग धरत नाही.

लांबट टाइल विटांसारख्या अर्ध्यावर अर्धी ठेवायचा मोह होतो. पण लांब टाइल भट्टीतून मध्यभागी किंचित फुगून येते. एकीचा उंच मध्य आणि दुसरीचं खालचं टोक शेजारी आले की सांध्यात पायाला ठेच जाणवते. म्हणून एका ओळीपासून दुसरी ओळ टाइलच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवत नाहीत. भिंतीलगत फटही सोडावी लागते, ती स्कर्टिंगखाली लपते. ती सोडली नाही तर उन्हाने फुगलेली फरशी एखाद्या दुपारी मध्येच उचलली जाते.

## चमकदार फरशी घसरडी नसते का?

असते, ओली झाल्यावर. कॅटलॉगमध्ये R9 ते R13 असे आकडे दिसतात. ते जर्मन मानकातल्या उताराच्या चाचणीतून येतात. माणूस तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून चालतो आणि उतार हळूहळू वाढवतात. R9 म्हणजे सहा ते दहा अंशांपर्यंत टिकला, R11 म्हणजे एकोणीस ते सत्तावीस. लक्षात घ्या, ही चाचणी बुटांची आणि तेलाची आहे. बाथरूममध्ये आपण अनवाणी, साबणाच्या पाण्यात उभे असतो. त्यासाठी A, B, C असे वेगळे वर्ग आहेत, C सगळ्यात सुरक्षित. ज्या घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत, तिथे न्हाणीघराच्या फरशीला B किंवा C मागितल्याशिवाय दुसरी चर्चाच करू नये. सौंदर्याचा आग्रह भिंतीवर पुरवता येतो.

## आणि ही धूळ कुणाच्या छातीत जाते?

रेझिनमध्ये बांधलेल्या क्वार्ट्झ स्लॅबमध्ये स्फटिकी सिलिका 90 टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असू शकते. कोरडं कापताना उडणारी तिची धूळ डोळ्यांनाही दिसत नाही इतकी बारीक असते. ती फुफ्फुसांत खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कापणाऱ्या तरुण कामगारांत तो वाढू लागला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा इंजिनिअर्ड स्टोनचं उत्पादन, पुरवठा आणि बसवणं यांवर बंदी घातली. बातमी आपण स्वयंपाकाच्या ओट्यांच्या संदर्भात वाचली असेल, पण भिंतींनाही हेच स्लॅब लागतात.

म्हणजे बाकीचे पदार्थ निर्धोक, असं नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, पोर्सेलिनमध्येही असते. संगमरवरात फारच थोडी. घरात बसवून झालेल्या स्लॅबमुळे राहणाऱ्यांना धोका नसतो, धोका कापणाऱ्याला असतो. कमी सिलिकाचे स्लॅब आता मिळतात, ते मागता येतात. कापणं पाण्याच्या धारेखाली किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्रासह होईल, कारागिराच्या तोंडावर नीट बसणारा मास्क असेल, हे करारात लिहून घेता येतं. आपल्या जिन्यात पांढऱ्या धुळीचा ढग उठलेला असताना रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारा पोरगा दिसला, तर काम थांबवायचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे.

## ऑर्डर देण्याआधी

नमुना तळहाताएवढा नको, निदान फूटभर लांबीरुंदीचा मागा. भिंतीचा नमुना उभा आणि फरशीचा आडवा ठेवा, आणि तोही ज्या खोलीत लागणार तिथेच, दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात. छताच्या कडेने लावलेले दिवे भिंतीला घासून उजेड टाकतात आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दाखवतात. चुन्याच्या भिंतीला ते खुलवतात, सपाट रंगाच्या भिंतीला उघडं पाडतात. नमुन्यावर रात्रभर लिंबाचा रस, तेल आणि काळ्या चहाचा थेंब ठेवा. किल्लीने ओरखडा. पाणी टाकून अनवाणी पाय सरकवून पाहा.

चुन्याच्या आणि मायक्रोसिमेंटच्या कामात डब्यापेक्षा हात महत्त्वाचा, म्हणून जो माणूस प्रत्यक्ष काम करणार आहे त्याच्याच हातचा नमुना घ्या, आणि काम होईपर्यंत तो जपून ठेवा. टाइल घेताना खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक जुळवा. एका बॅचचा पांढरा आणि दुसऱ्या बॅचचा पांढरा शेजारी आले की वेगळे दिसतात. एकूण क्षेत्रफळाच्या दहा टक्के जास्त माल घ्या, आणि उरलेल्यातला एक न फोडलेला खोका माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी नळाचं काम निघून दोन टाइल फोडाव्या लागल्या, तर ते डिझाइन बाजारात मिळण्याची शक्यता फार कमी असते.